आठवीची उसळ, नववीचा डबा : एका विद्यार्थिनीचा प्रकरण अभ्यास

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीपासून जवळच, आमची पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा आहे. मी तिथे विज्ञान शिकवते आणि शालेय पोषण आहाराच्या नोंदीही माझ्याकडेच आहेत. ज्या मुलीबद्दल लिहिते आहे ती २०२४-२५ मध्ये आठवीत होती आणि १६ जून २०२५ ला नववीत आली. तिचं नाव आणि वाडी इथे देत नाही. शाळा तीच, सायकल तीच, मैत्रिणी त्याच, विज्ञानाच्या बाईही त्याच. दुपारचं ताट मात्र गेलं.

पोषण आहार आठवीपर्यंत असतो हे आम्हा शिक्षकांना इतकं पाठ आहे की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. जूनमध्ये पटाची नवी यादी होते, त्यात नववीची नावं गळतात, तांदळाचा हिशोब नव्या पटावर लागतो. कागदावर एवढंच घडतं. एका घरात याच गोष्टीने काय काय हललं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

तिचं आवडतं जेवण म्हणजे शाळेतली मोड आलेल्या मटकीची उसळ आणि भात. जून २०२४ च्या शासन निर्णयाने आहारात पंधरा पाककृती आल्या. मटार पुलाव, मसाले भात, चवळीची खिचडी, शेवगा घातलेलं मुगाचं वरण, अंडा पुलाव, नाचणीचं सत्त्व असं बरंच काही त्यात होतं. आठवीत असताना वर्गाबाहेरच्या फळ्यावर रोजचा पदार्थ लिहायचं काम तिच्याकडे होतं आणि उसळीच्या दिवशी अक्षर मोठं यायचं. आमच्या स्वयंपाकाच्या दोघी मावश्या मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजत घालतात, संध्याकाळी उपसून ओल्या धोतराच्या फडक्यात बांधतात आणि गाठोडं पातेल्यात घालून वर जड झाकण ठेवतात. सकाळी फडकं सोडलं की मोड कापडातून आरपार आलेले असतात. ते तुटू न देता मटकी सोडवायची म्हणजे फडकं उलटं धरून मागून बोटाने हलके टिचक्या माराव्या लागतात. ही मुलगी शाळा भरण्याआधी येऊन ते काम करायची. कुणी सांगितलेलं नव्हतं. फोडणीत मोहरी, जिरं, लसूण, हळद, चटणी, शेवटी शेंगदाण्याचं कूट. वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन वहीत सही करायची असते, त्यामुळे त्या उसळीची चव मी अधिकाराने सांगू शकते. ती चांगली असते.

जानेवारी २०२५ मध्ये अंडी आणि साखर यांचे वेगळे पैसे देणं सरकारने थांबवलं आणि ते लोकसहभागातून उभे करा असं शाळांना कळवलं. अंडी बंद झाली तेव्हा पाचवीपासून आठवीपर्यंत प्रत्येक वर्गाने विचारलं, "बाई, अंडी कधी?" जूनमध्ये नववीत गेलेल्यांचं अख्खं जेवण बंद झालं तेव्हा कुणीच काही विचारलं नाही. मोठं झालं की खिचडी बंद, असंच मुलं धरून चालतात. थोडा मानही वाटतो त्यांना त्यात.

जूनचे शेवटचे आठवडे आणि जुलैचा पहिला पंधरवडा या काळात तिच्याबद्दल शिक्षक खोलीत बोलणं सुरू झालं. मधल्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या तासाला बाकावर डोकं ठेवते. शारीरिक शिक्षणाच्या तासाला झाडाखाली बसून राहते. वर्गात वाचायला उभं केलं तर दोन ओळींनंतर आवाज खाली जातो. एका सहकाऱ्यांचं मत मोबाइलचं होतं, दुसऱ्यांचं वयाचं. घरी मोबाइल एकच आणि तो वडिलांबरोबर बाहेरगावी असतो, हे नंतर कळलं.

उलगडा धाकट्या भावामुळे झाला. तो सहावीत आहे. उसळीच्या दिवशी वाढप चालू असताना तो दुसऱ्यांदा रांगेत आला. वाढणाऱ्या मुलीने ताट भरलं. तो ओटीवर बसला नाही, पाण्याच्या टाकीमागे गेला. तिथे बहीण उभी होती, हातात स्टीलचा रिकामा डबा. त्याने ताटातला भात आणि उसळ डब्यात ओतली, ताट धुतलं आणि आपल्या जागी येऊन बसला. ती डबा ओढणीखाली धरून वर्गात गेली.

आमच्याकडे आहार शाळेतच, ओळीत बसून खायचा असा नियम आहे, आणि तो मुलांच्या भल्यासाठीच आहे. तरी मी त्या दिवशी दोघांनाही काही बोलले नाही. संध्याकाळी मावशींना विचारलं. त्यांना माहीत होतं. "पोरगा लाजत लाजत येतोय बाई. एक पळी जास्त घालतो आम्ही," एवढं बोलून त्या पातेलं घासू लागल्या.

इथे मुख्याध्यापकांची अडचण समजून घेतली पाहिजे, कारण अशा गोष्टीत शाळेला दोष देणं सोपं असतं. सहावी ते आठवीच्या मुलामागे दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत ही अपेक्षा. पाचवीपर्यंत तेच १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ. तांदूळ सोडून बाकी खर्चासाठी मे २०२५ पासून पाचवीपर्यंत दर मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि पुढे आठवीपर्यंत १० रुपये १७ पैसे धरलेले आहेत. रोजची हजेरी त्याच दिवशी ऑनलाइन भरावी लागते. पाचवी सोडून साठ मुलं हजर असतील तर नऊ किलो तांदूळ निघतो, साडेनऊ नाही. नववीच्या मुलीला त्यातून वाढलं तर ते कुणाच्या तरी ताटातून जातं, आणि तपासणीत शिल्लक जुळली नाही तर उत्तर मुख्याध्यापकांनी द्यायचं. मावशींची एक जास्तीची पळी म्हणजे सहावीतल्या कुणाची तरी अर्धी पळी. त्यामुळे 'वाढा हो तिलाही' हे उत्तर होऊ शकत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी वाडीवर गेले. शाळेपासून साधारण चार किलोमीटर. वडील मालवाहू गाडीवर चालक, महिन्यातून दोन-तीनदा घरी. आई द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांत रोजंदारीवर जाते. तिला न्यायला टेम्पो सकाळी सात वाजता फाट्यावर येतो. घरी आजी आहे, तिला दिसायला कमी. सकाळी पाचला उठून आई भाकरी थापते आणि एक कोरड्यास करते. त्यातलं ती स्वतः घेऊन जाते, उरलेलं आजीला आणि रात्रीला. मुलं चहा आणि बेकरीतलं कडक बटर खाऊन शाळेला येतात. इतकी वर्षं हे बरोबर चाललं होतं, कारण दुपारी दोघांचंही पोट शाळेत भरत होतं.

मी विचारलं, "हिचा डबा?"

आई गोंधळली. "डबा कशाला बाई? शाळंत जेवत्यात की दोघंबी."

नववीला मिळत नाही म्हटल्यावर तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "धाकट्याला मिळतंय, हिला न्हाई? शाळा तर एकच हाय."

मुलीने घरी सांगितलंच नव्हतं. का, ते तिने मला अंगणात वेगळं सांगितलं: "आई पाचला उठते. अजून किती लवकर उठवू?" दुसरंही एक कारण होतं, ते तिच्या मैत्रिणीकडून कळलं. पहिल्या आठवड्यात एकदा ती भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून घेऊन आली होती. सकाळची ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत वातड झालेली, कालवण नाही, आणि शेजारणींच्या डब्यात चपाती-भाजी. त्यानंतर तिने काही आणलं नाही. मधल्या सुट्टीत ती नळावर पाणी पिऊन यायची आणि वही उघडून बसायची. त्याच वेळी व्हरांड्यात उसळ वाढली जात असायची. नववीचा वर्ग स्वयंपाकखोलीला लागून आहे.

त्या रात्री मी हिशोब मांडला. महिन्याला २२ दिवस शाळा धरली तर तिच्या वाट्याचा ३ किलो ३०० ग्रॅम तांदूळ आणि ६६० ग्रॅम कडधान्य शाळेत शिजत होतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. म्हणजे रेशनवर तिच्या नावाने येणाऱ्या धान्याच्या जवळपास दोन तृतीयांश इतकं अन्न एका दिवसात, नववीच्या पहिल्या दिवशी, त्या घरातून कमी झालं. रेशनवर कडधान्य नसतंच, तेव्हा तो भाग पूर्णच गेला. कोरड्या मटकीत दर १०० ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात. उसळीच्या एका ताटातून सहा ग्रॅम तिथेच मिळायची. घरी आठवड्यातून एकदा पिठलं, एरवी पातळ आमटी. घरच्यांनी काही काटछाट केली नव्हती. घराचा स्वयंपाक शाळा धरून बसवलेला होता आणि शाळेने हात काढून घेतल्याचं घराला कुणी कळवलं नव्हतं.

आठवीपर्यंतच का, याचं उत्तर कायद्यात आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी, म्हणजे पहिली ते आठवी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातही शाळेतल्या मोफत जेवणाचा हक्क आठवीपर्यंतच लिहिलेला आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला योजना सुरू झाली ती पाचवीपर्यंत, आपल्याकडे तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न आलं, पुढे २००८ मध्ये ते आठवीपर्यंत वाढलं. मर्यादा एकदा वर सरकली आहे, ती दगडावरची रेघ नाही.

आणि आमच्या इथून ते डोळ्यांनी दिसतं. या मुलीची मावशी विजयपूर जिल्ह्यात दिली आहे. मावसबहीण तिथल्या सरकारी शाळेत नववीतच आहे आणि ती रोज शाळेत जेवते, कारण कर्नाटकात राज्य सरकार स्वतःच्या पैशातून नववी-दहावीलाही जेवण देतं. तमिळनाडूतही दहावीपर्यंत मिळतं. आंध्र प्रदेशाने तर जानेवारी २०२५ पासून सरकारी कनिष्ठ महाविद्यालयांतही दुपारचं जेवण सुरू केलं. दोन बहिणी, वय एक, घरची परिस्थिती साधारण सारखी, मध्ये एक ओढा आणि राज्याची सीमा.

मला सगळ्यात जास्त खुपलं ते गोळीचं. किशोरवयीन मुलामुलींना शाळेत आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी देतात. ती जेवणानंतर घ्यायची असते, उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, पोटात ढवळतं. आमच्याकडे गोळी मधल्या सुट्टीनंतर दिली जायची. सहावी ते आठवीची मुलं ताट उरकून आलेली असायची. नववी-दहावीची डबा नसलेली मुलं रिकाम्या पोटी गोळी घ्यायची. या मुलीला जुलैमध्ये दोनदा उलटी झाली, मग ती गोळी तोंडात धरून बाहेर टाकायला लागली. ती एकटी तसं करत नव्हती. आहाराची नोंद माझ्याकडे, गोळ्यांची दुसऱ्या शिक्षकांकडे, आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहायचं काम कुणाचंच नाही.

मुलीला लोह लागतं कधी? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम, मुलाला २२. पाळी सुरू झालेली असते, उंची वाढत असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं, त्याच वयाच्या मुलांत ३१ टक्के. जेवणाची मदत नेमकी इथे थांबते. मोफत पाठ्यपुस्तकं आणि गणवेशही आठवीबरोबरच संपतात, म्हणजे घरचा खर्च वाढतो त्याच जूनमध्ये घराचं अन्न कमी होतं.

ऑगस्टमध्ये तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. हिमोग्लोबिन ९.६ निघालं. या वयाला १२ च्या वर हवं. डॉक्टरांनी जंताची गोळी आणि लोहाच्या रोजच्या गोळ्या दिल्या, जेवल्यावर घ्यायच्या, चहाबरोबर नाही. एक गोष्ट स्पष्ट लिहिते: आहार बंद झाल्यामुळे तिचं रक्त कमी झालं, असा दावा मी करत नाही. दोन महिन्यांत इतकं होत नाही. ती कमतरता आठवीतही असणार. शाळेतलं ताट तिला उभं ठेवत होतं, ते गेल्यावर जे झाकलं होतं ते वर आलं, असं मला वाटतं. दुपारी बाकावर पडणारं डोकं मात्र सरळ भुकेचं होतं.

मग काय केलं. नववीच्या सगळ्या पालकांची बैठक लावली आणि पहिलंच वाक्य हे ठेवलं की तुमच्या मुलांना आता शाळेत जेवण मिळत नाही. बऱ्याच आया एकमेकींकडे पाहू लागल्या. हे फक्त एका घरातलं नव्हतं.

दुसरं, नववी-दहावीच्या मुलांना डबे घेऊन व्हरांड्यातच बसवायला सुरुवात केली, लहान वर्गांच्या समोरच्या ओळीत. आधी ती वर्गात, झाडाखाली, कुठेही पांगायची आणि कोण जेवलं कोण नाही कळायचं नाही. निळ्या गोळीच्या दिवशी डबा नसेल त्याची गोळी दुसऱ्या दिवशीवर.

त्या ओळीत बसल्यावर मला जे दिसलं ते आधी कुठे वाचलं नव्हतं. मुलग्यांच्या डब्यांत बहुतेक आईने किंवा बहिणीने केलेलं होतं. मुलींना विचारलं, डबा कुणी केला? "मीच." नववीत जेवण बंद होतं तेव्हा मुलीच्या वाट्याला डबा येत नाही, स्वयंपाक येतो. आमच्या या मुलीनेही तेच सुरू केलं होतं. बैठकीनंतर ती पाचला उठून आईबरोबर भाकरी थापू लागली, भावाचाही चहा करू लागली. पोट भरलं, झोप गेली. याला उपाय म्हणणं मला जमलं नाही.

म्हणून तिसरी गोष्ट केली, ती गावाच्या मदतीने. माजी विद्यार्थ्यांनी मटकी, हरभरा आणि शेंगदाण्याची पोती दिली, एका डाळिंबवाल्यांनी गॅसची टाकी. सप्टेंबरपासून आठवड्यातून दोन दिवस नववी-दहावीसाठी वेगळ्या पातेल्यात उसळ होते. धान्य वेगळं, रजिस्टर वेगळं, शासनाच्या मालाला हात नाही. भाकरी मुलं घरून आणतात. मावश्यांना महिन्याला २,५०० रुपये मानधन मिळतं, तेही वर्षाचे दहा महिने. त्यांच्याकडून हे जास्तीचं काम फुकट करून घ्यायचं नाही असं बैठकीत ठरलं आणि त्यांचे वेगळे पैसे वर्गणीतून जातात. यावर वाद झाला, पुण्याईच्या कामाचे पैसे कसले घेता असंही कुणी म्हणालं. मावश्यांतल्या एकीने शांतपणे विचारलं, "मटकी फुकट आली, मग आमचं हात तेवढं फुकट का?" पुढे कुणी बोललं नाही.

घरी आजीने एक जबाबदारी घेतली. दिसत नसलं तरी मटकी भिजवणं, फडकं बांधणं तिला हाताच्या सवयीने येतं. फोडणी रात्री आई देते आणि सकाळी डबा भरणं धाकट्याकडे आहे. हे शेवटचं मी आग्रहाने बसवलं. तो करतो, झाकण नीट लावत नाही, रस्सा दप्तरात सांडतो, पण करतो. उसळीवर लिंबू पिळायचं एवढं मी सांगून ठेवलं आहे, त्याने कडधान्यातलं लोह अंगी लागतं. सकाळचा चहा सुटलेला नाही, पण बटराऐवजी आता अर्धी भाकरी असते.

डिसेंबरमध्ये हिमोग्लोबिन ११.१ झालं. त्यात गोळ्यांचा वाटा मोठा आहे आणि त्या गोळ्या पोटात राहिल्या याला जेवणाचा आधार आहे. शारीरिक शिक्षणाच्या तासाला ती आता खो-खोत असते. प्रथम सत्राच्या गुणांत फारसा फरक नाही, गणितात कमीच आहेत. गुणांचं नातं मी जेवणाशी जोडत नाही, तसं जोडायला मला आधार नाही.

जमलेलं नाही असंही आहे. दोनच दिवस उसळ होते, बाकी दिवस डब्यावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचा हंगाम असतो, तेव्हा टेम्पो पहाटेच येतो आणि आया रात्री उशिरा परततात. नेमकं तेव्हाच डबे कमी होतात, आणि दहावीची परीक्षाही त्याच दिवसांत. वर्गणी चांगल्या पावसावर अवलंबून आहे. एखादं वर्ष कोरडं गेलं की पोती येणार नाहीत, आणि जतला कोरडं वर्ष नवीन नाही. जे कर्नाटकात सरकारी खर्चाने होतं ते आमच्याकडे एका पातेल्यावर आणि चार माणसांच्या मनावर चाललं आहे. नववी-दहावीला आहार सुरू करावा असा ठराव ग्रामसभेने करून पंचायत समितीकडे दिला आहे. त्यासोबत या मुलीचं नाव न लिहिता तिच्या महिन्याच्या ३ किलो ३०० ग्रॅम तांदळाचा आणि ६६० ग्रॅम कडधान्याचा हिशोब जोडला आहे.

शाळेने आपल्या हातातलं एक काम कायमचं करून घेतलं आहे. आठवीच्या पालकांची बैठक आता मार्चमध्येच होईल, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी. जूनपासून काय बंद होणार, पुस्तकं किती रुपयांची, डबा कुणी करायचा, मुलगा असेल तर त्याने काय करायचं, हे तिथे सांगायचं. द्राक्ष हंगामाच्या सहा आठवड्यांत उसळ दोनऐवजी चार दिवस करता यावी म्हणून जास्तीची ४० किलो मटकी लागेल. त्यातली निम्मी आली आहे.